अंगठ्यावरचं रीळ

डॉक्टरांची टाचणी टोचून झाली होती, तरी हौसेराव डोळे मिटून वाट बघत बसले होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "कधी सुरू करताय?" डॉक्टरांनी टाचणी डबीत टाकली आणि कागद पुढे ओढून लिहायला घेतलं, तेव्हा कुठे हौसेरावांनी डोळे उघडून आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तर्जनीच्या टोकावर रक्ताचा बारीक थेंब उभा होता. साखरेने आधी पाय बधिर केले होते, चालता चालता चप्पल निसटायची आणि दहा पावलं पुढे गेल्यावर कळायचं. पायांचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पायांवर कुणीही चालतं. हौसेराव बोटांवर जगत होते.

वाशीच्या फळबाजारात हापूसचा भाव तोंडाने ठरत नसे. आडत्या गादीवर बसायचा, खरेदीदार समोर यायचा, दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं बोलायची. एक बोट धरलं की पेटीला शंभर, दोन धरली की दोनशे, सगळा पंजा म्हणजे पाचशे, आणि तळहातावर नखाची रेघ ओढली की वर पन्नास. चारचौघांत सौदा व्हायचा आणि चौघांपैकी एकालाही पत्ता लागायचा नाही. बाजार मुंबईहून वाशीला आला त्याला दोन वर्षं झाली होती, रुमालही त्याच्याबरोबर खाडी ओलांडून आला होता. या कामात हौसेरावांचा हात बाजारात पहिला मानला जायचा. साताऱ्याकडून आलेला हा माणूस तीस वर्षं एकच फुशारकी मारत आला होता. खरेदीदाराच्या बोटात किती आहे ते कुणीही सांगेल, पोटात किती आहे ते माझं बोट सांगतं, असं म्हणायचा. आणि ते खरंही होतं, म्हणून लोक ऐकून घेत.

आता ते बोट मेलं होतं. ज्या दिवशी हे बाजाराला कळेल त्या दिवशी गादी गेली, हे हौसेरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. आंधळ्या आडत्याकडे एक वेळ माल येईल, मुक्या हाताच्या आडत्याकडे कोण पेट्या उतरवणार?

पण माणूस कसलेला. त्यांनी डोळ्यांना कामाला लावलं. रुमालाच्या वर दिसणारं मनगट, कोपर, खांदा वाचायला शिकले. प्रत्येक खरेदीदाराची काही ना काही खोड असतेच. ठाण्याचा ज्योतिबा निकम हे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या पोटात अजून भाव शिल्लक असला की उजवा खांदा कानाकडे चढलेला असायचा, आणि सगळा ओतून झाला की खांदा आपसूक खाली यायचा. ज्योतिबाला स्वतःला याची गंधवार्ता नव्हती. हौसेराव खांदा उतरेपर्यंत मान हलवत राहायचे. तो उतरला की म्हणायचे, तूच लिही रे चिठ्ठी, तुझ्यावर माझा विश्वास आहे. मग चिठ्ठीवरचा आकडा वाचून त्यांना कळायचं की आपण माल कितीला विकला. बाजारात उलट नाव झालं, की हौसेराव आप्पा म्हातारपणी किती सढळ झाले बघा. चार महिने असे निघाले. घरात फक्त बायकोला, वेणूबाईंना, माहीत होतं, कारण सदऱ्याची बटणं त्याच लावून द्यायच्या.

मुलाला सांगायचा प्रश्नच नव्हता. कुलदीप सव्वीस वर्षांचा झाला होता आणि सहा वर्षं गाळ्यातल्या भिंतीकडच्या स्टुलावर बसून होता. रुमालाखाली हात घालायची त्याला बंदी होती. तो लहान असताना हौसेराव त्याला बोटांची भाषा शिकवायचे तेव्हा हातात बाभळीचा काटा असायचा. आकडा चुकला की त्याच बोटात काटा. विसाव्या वर्षी पोराला पहिल्यांदा गादीवर बसवलं, भर हंगामात, वीसेक खरेदीदारांच्या समोर. रुमाल टाकला आणि हौसेरावांनी स्वतःच समोरून हात घालून पोराच्या मुठीत वेलची केळ्यांची फणी दिली. घाबरलेलं पोर म्हणालं, "चारशे." बाजार वर्षभर हसत होता. अजून जुने हमाल त्याला फणी म्हणून हाक मारत. "याच्या हाताला अक्कल नाही," असं म्हणून हौसेरावांनी त्याला स्टुलावर धाडलं ते धाडलं. आपण पोराला घडवतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे आणखी वाईट.

या वर्षीच्या हंगामात कुलदीपला मासेमारीचा नाद लागला. बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कमळाकर बंदरातल्या जहाजांना भाजीपाला, पाणी पोचवायचं काम करायचा, आणि परदेशी खलाशांकडून गळाच्या जुन्या काठ्या आणि रिळं उचलायचा. रविवारी बाजार बंद असला की तो कुलदीपला आपल्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत न्यायचा. तिथे गळ लांब फेकायचा नाही. होडी पाण्याखालच्या खडकाच्या वर उभी करायची, शिशाचा मासा सरळ खाली तळाला सोडायचा, झटक्याने वर उचलायचा, पुन्हा पडू द्यायचा. पडताना शिसं जखमी माशासारखं डुलतं आणि मोठा मासा त्याला भुलतो. कुलदीप आतापर्यंत कमळाकरच्याच काठीने शिकत होता. आता त्याला स्वतःची काठी आणि रीळ घ्यायचं होतं.

एका शनिवारी संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. आप्पा, उद्या कमळाकर घरी माल घेऊन येतोय, तुम्ही निवडून द्या, म्हणाला. काठी हातानेच पारखायची असते म्हणे, आणि अख्ख्या बाजारात तुमच्यासारखा हात नाही. वेणूबाईंचा घास हातातच राहिला. हौसेरावांना आधी बरं वाटलं, कारण पोराने सहा वर्षांत त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. मग स्वतःची बोटं आठवली. नाही म्हणावं तर का नाही म्हटलं याचा विचार करायला पोरगं मोकळं. ते म्हणाले, "आण की. त्यात काय एवढं?"

रविवारी सीवूड्सच्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कमळाकरने सोफ्यावर तीन काठ्या आणि दोन रिळं मांडली. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. पहिली काठी नऊ फुटी होती, ती त्यानेच बाजूला केली. ती किनाऱ्यावरून फेकायची, होडीत नुसती अडचण, आणि लांब काठीने दिवसभर शिसं उचललं तर खांदे निखळतात. उरल्या दोन, दोन्ही साडेपाच फुटी. एक पहारीसारखी ताठ. दुसरीचं शेंड्याकडचं टोक बारीक आणि लवचिक, पण मधलं पोट भरलेलं.

हौसेरावांचा डोळा ताठ काठीवर गेला. वाकतं ते कच्चं, हे बाजारातलं शिक्षण. कमळाकरने मान हलवली.

"आप्पा, यो दांडा जोरदार हाय, पन मुका हाय," तो म्हणाला. "खाली काय चाललंय त्ये सांगत नाय. नवशिक्याला टोक बोलनारा पायजे, आनि उचलाया पोट पायजे."

मुका हा शब्द हौसेरावांना लागला, पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही. कुलदीपने लगेच परीक्षेची टूम काढली. दोन्ही काठ्यांना आळीपाळीने दोरा लावून शिशाचा मासा बाल्कनीतून खाली सोडायचा, कमळाकरने कंपाउंडमध्ये उभं राहून त्याला बोटाने टिचकी मारायची, आणि आप्पांनी वर सांगायचं, कधी मारली ते. सोसायटीतल्या दोन-चार बाल्कन्यांत लोक येऊन उभे राहिले. हौसेरावांनी काठी हातात घेतली. हातात काठी आहे हे त्यांना दिसत होतं म्हणून कळत होतं.

ताठ काठी काहीच बोलली नाही. त्यांनी अंदाजाने दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा चुकले, पण त्याचा दोष काठीवर गेला. दुसरी काठी हातात आल्यावर मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. खाली टिचकी बसली की बारीक टोक चिमणीने दाणा टिपावा तसं वाकत होतं. "आता... आता... ही दुसरी... ही जोरात मारली," हौसेराव बसल्या जागी सांगत सुटले. एकही चूक नाही. शेजारच्या बाल्कनीतून टाळ्या पडल्या. चार महिन्यांत ते इतके खूश झाले नव्हते.

"आता एकदा डोळे मिटून, आप्पा," कुलदीप मागून म्हणाला.

हौसेरावांनी वळून पाहिलं. पोरगं हसत होतं, साधं हसत होतं. "काठी निवडायचीय की आंधळी कोशिंबीर खेळायचीय?" असं म्हणून त्यांनी काठी भिंतीला लावली आणि विषय संपवला.

मग रिळं. एक उघड्या फिरकीचं, काठीच्या खाली लटकणारं. त्याची कडी उघडली की दोरा आपोआप सुटतो, मिटली की थांबतो, आणि माशाने किती जोराने ओढलं की दोरा सोडायचा ते पुढच्या चक्रीवर आधीच ठरवून ठेवता येतं. कमळाकर म्हणाला की पहिल्या काठीला हेच लावा, यात चुकायला जागा नाही. दुसरं रीळ ढोलकीसारखं, काठीच्या वर बसणारं, पितळी कडांचं, जड, देखणं. त्याचं ढोलकं मोकळं सोडलं की दोरा गरागरा सुटतो आणि त्याच्यावर सतत अंगठा टेकवून ठेवावा लागतो. शिसं तळाला लागलं की अंगठ्याने त्या क्षणाला दाबायचं, नाहीतर दोऱ्याचा गुंता होतो. मासा पळाला तर खटका टाकून अंगठा काढायचा आणि दोरा चक्रीवर सोपवायचा. कमळाकरचं म्हणणं, हे रीळ वर्ष-दोन वर्षं शिकलेल्याचं.

"म्हणजे ते शिकाऊ पोरांचं आणि हे हाताच्या माणसाचं," कुलदीप म्हणाला. "कमळाकर, तू आप्पांना ओळखत नाहीस. मला घ्यायचंय खरं, पण मुहूर्ताचा पहिला हात आप्पांचाच. पुढच्या रविवारी चला ना आप्पा. ज्योतिबाकाकांनापण बोलावतो."

काठी निवडताना हौसेराव डोळ्यांनी वाचले होते. रीळ निवडताना मिजाशीने मेले. उघड्या फिरकीचं रीळ हातात घेऊन त्यांनी खेळण्यासारखं खाली ठेवलं आणि पितळी ढोलक्यावर हात ठेवला. कमळाकरने पुन्हा एकदा सांगून पाहिलं, की नवा विणलेला दोरा नायलॉनच्या तंगुसासारखा ताणत नाही, हाताला कापतो. "तीस वर्षं हाताचंच खातोय," हौसेराव म्हणाले. कुलदीपने रीळ तिथल्या तिथे काठीवर चढवलं.

रात्री वेणूबाई बटणं काढता काढता म्हणाल्या की होडीत जाऊ नका. हौसेराव उखडले. टोकाकडे बघत राहिलं की झालं, म्हणाले, कुणाच्या बापाला कळत नाही. वेणूबाईंनी सदरा घडी करून ठेवला.

मे महिन्याचा पहिला रविवार. दिवाळ्याच्या जेट्टीवरून होडी निघाली तेव्हा पाणी ताटासारखं सपाट होतं. हौसेराव मध्ये, ज्योतिबा समोरच्या फळीवर पान जुळवत, कुलदीप बापाच्या खांद्याशी, कमळाकर सुकाणूवर. खाडीच्या तोंडाशी एका खडकाच्या वर त्याने इंजिन बंद केलं. बारा वाव खोल पाणी, खाली कपारी, कपारीत हेकरू आणि कधीकधी घोळ मासा. कमळाकरने शिशाचा मासा बांधून दिला आणि हौसेरावांचा अंगठा स्वतःच्या हाताने ढोलक्यावर टेकवला.

पहिल्यांदा शिसं सोडलं ते नीट गेलं. दोरा सैल पडल्याचं पाहून हौसेरावांनी अंगठा दाबला, काठी उचलली, पाडली, उचलली, पाडली. टोक बोलत होतं आणि ते ऐकत होते, म्हणजे बघत होते. ज्योतिबा म्हणाला, आप्पांना कुठेही बसवा, गादीच वाटते. हौसेरावांना त्या क्षणी खरोखर वाटलं की आपण जिंकलो. ऊन अंगावर होतं, पोरगं शेजारी होतं, आणि पोराबद्दल त्यांना माया दाटून आली. या हंगामानंतर त्याला रुमालाखाली हात घालू द्यावा, असाही विचार येऊन गेला.

तेवढ्यात टोक पाण्यात गेलं.

काठी पोटापर्यंत वाकली आणि ढोलकं किंचाळायला लागलं. मासा मोठा होता, तळावरून सरळ समुद्राकडे पळत होता. कमळाकर सुकाणूवरून ओरडला, खटका टाका, अंगठा काढा. कुलदीप बापाच्या कानाशी झुकला. "काढू नका आप्पा," तो हळूच म्हणाला. "दाबा. अंगठ्याने थांबवा. तुमच्या अंगठ्यापुढे काय आहे ते?"

हौसेरावांनी दाबला. सगळा जोर लावून दाबला. दोऱ्याचा वेग थोडा कमी झाला आणि त्यांना हसू फुटलं. "बघ, बघ कसा नरमला," ते ज्योतिबाला म्हणाले. ज्योतिबा त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता. पांढरा दोरा ढोलक्यावरून लाल होऊन जात होता. पितळी कडेवरून रक्त ओघळून हौसेरावांच्या पांढऱ्या विजारीवर पडत होतं, आणि हौसेराव हसत होते. जळक्या कातडीचा वास आला तो आधी कमळाकरला. त्याने उडी मारून खटका टाकला, दोरा कापला आणि म्हाताऱ्याचा हात धरून वर केला. अंगठ्याच्या पेरात दोऱ्याने हाडापर्यंत खाच पाडली होती.

"आप्पा, दुखत नाय तुमाला?" कमळाकरने विचारलं.

हौसेरावांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग कमळाकर आणि ज्योतिबाच्या तोंडाकडे. आणि एकदम कण्हायला लागले. पण उशीर झाला होता. कण्हणं रक्ताच्या फार मागून आलं होतं.

परत येताना कमळाकरने जखमेला घट्ट फडकं गुंडाळलं आणि कुलदीपकडे अशा नजरेने पाहिलं की कुलदीपने मान फिरवली. त्या दिवसानंतर कमळाकर त्यांच्या घरी आला नाही. काठीचं आणि रिळाचं काय केलंत असंही त्याने कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर हौसेरावांनी वेणूबाईंना एकच प्रश्न केला, कुलदीपला कुणी सांगितलं? त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, पोराने महिन्यापूर्वीच विचारलं होतं. उकळत्या चहाचा पेला तुम्ही नुसत्या हाताने धरलेला त्याने पाहिला होता. मी काय खोटं बोलू त्याच्याशी? हौसेरावांना राग यायला हवा होता, पण त्यांना नुसतं थंड वाटलं. मग त्यांनी आपल्या सवयीने हिशेब मांडला. ज्योतिबा तीस वर्षांच्या ओळखीचा माणूस आहे, तोंड उघडायचा नाही. दोऱ्याने कुणाचाही अंगठा कापतो. उलट पट्टी आहे तोवर हात चालला नाही तर कारण आयतं आहे. रात्री ते शांत झोपले, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही.

सोमवारी गाळ्यासमोर गर्दी होती. देवगडच्या पेट्या उतरल्या होत्या, हमालांची धावपळ चालली होती. हौसेराव पट्टी बांधलेला हात घेऊन गादीवर बसले. पट्टी अंगठ्याला, चार बोटं मोकळी. कुलदीप नेहमीसारखा भिंतीकडच्या स्टुलावर. पहिला आला ज्योतिबा. हौसेरावांनी रुमाल टाकला, ज्योतिबाचा हात रुमालाखाली गेलेला त्यांनी पाहिला, आणि नजर त्याच्या खांद्यावर ठेवली. खांदा चढलेला होता. म्हणजे पोटात आहे अजून.

"नाही परवडत," हौसेराव मान हलवत म्हणाले. "चढव."

आजूबाजूला इतर खरेदीदार जरा जास्तच जवळ आले होते. हमालही पेट्या ठेवून थांबले होते. हौसेराव पुन्हा म्हणाले की आणखी बोल, मालाकडे बघ, देवगड आहे. ज्योतिबाने खालचा ओठ चावला. मग त्याने आपला हात रुमालाखालून काढून घेतला आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले.

"आप्पा, मी हात केव्हाच सोडला," तो म्हणाला. "तुम्ही कुणाशी बोलताय?"

हौसेरावांनी झटक्याने हात मागे घेतला. रुमाल सरकला आणि हाताबरोबर शिशाचा मासा वर आला. चंदेरी, वीतभर, रंगवलेल्या डोळ्याचा. त्याचा गळ त्यांच्या तर्जनीत पेरापर्यंत रुतला होता आणि मासा बोटाला लटकून डुलत होता. गळ काढून ठेवायचं कुलदीप विसरला होता की त्याने तो मुद्दाम ठेवला होता, ते त्यालाच ठाऊक. आधी कुणी हसलं नाही. मग मागून कुठल्यातरी जुन्या हमालाने "फणी" म्हटलं, आणि सगळा गाळा हसला. हसायचं थांबलं तरी मासा डुलत होता.

कुलदीप उठून आला. त्याने खिशातून पक्कड काढली, म्हणजे पक्कड त्याने आणलेलीच होती. गळाचं टोक तोडलं, मासा बोटातून ओढून काढला आणि फडक्याला पुसून गल्ल्याशेजारी ठेवला. मग बापाच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, भिंतीकडच्या स्टुलावर नेऊन बसवलं आणि स्वतः गादीवर मांडी घातली. हौसेरावांनी विरोध केला नाही. स्टूल त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बुटकं होतं. बसल्यावर गुडघे पोटाशी येत होते, आणि सहा वर्षांत पोराने ही तक्रार कधी केली नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं.

कुलदीपने रुमाल झटकून टाकला. ज्योतिबाने पुन्हा हात घातला, या वेळी खरा. कुलदीपचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, घाम आलेला, डोळे अर्धे मिटलेले, सगळा जीव बोटांत. पोराचा हात चांगला होता. आकडा त्याने बरोबर ओळखला, एकदा बोटं मोजली, नखाची रेघ ओळखली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "दिला."

स्टुलावरून हौसेरावांना दोघांचे हात दिसत नव्हते. ज्योतिबाचा खांदा दिसत होता. तो अजून कानाशी होता. ज्योतिबाने अर्धासुद्धा भाव ओतला नव्हता. या सौद्यात आणि यापुढच्या प्रत्येक सौद्यात तो पोराला निम्म्या भावात गुंडाळणार होता, आणि म्हणूनच तर कुलदीपने दिलेला मासा त्याने आपल्या हाताने रुमालाखाली नेला होता. बाजारात हे कळणारं एकच माणूस होतं. एक शब्द पुरला असता. नुसती मान हलवली असती तरी पोरगं समजलं असतं.

चिठ्ठी लिहून झाल्यावर कुलदीपने स्टुलाकडे वळून पाहिलं. आता त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी आकडा सांगून झाल्यावर, काटा टोचतो की नाही याची वाट बघताना दिसायचं, तसंच काहीतरी होतं.

"बरोबर आहे ना, आप्पा?" त्याने विचारलं.

हौसेरावांनी दुखत नसलेला हात मांडीवर घेतला. बोटातून रक्त येत होतं, ते त्यांनी विजारीला पुसलं.

"बरोबर," ते म्हणाले. "ज्योतिबाला उद्यापण याच भावात दे."